२५ पौंडांची तलवार : मध्ययुगीन शस्त्रे आणि कवचे, इतिहासातील व खेळांतील

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा रोल-प्लेइंग खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसलेल्या खेळाडूंनी एकेका पात्राची भूमिका घ्यायची, फासे टाकायचे आणि सूत्रधाराने रचलेल्या कल्पित जगात साहसे करायची, असे त्याचे स्वरूप. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. आज संगणकावर वा मोबाइलवर जे खेळ खेळाडूच्या हाती तलवार आणि अंगावर चिलखत देतात, त्यांतील बहुतेकांच्या हिशेबाचे मूळ या खेळात सापडते. त्याच्या 'प्रगत' रूपाचे खेळाडूंसाठीचे नियमपुस्तक १९७८ मध्ये निघाले. त्यात शस्त्रांच्या वजनांचा तक्ता आहे. वजने सुवर्णनाण्यांत दिली असून दहा नाणी म्हणजे एक पौंड. दोन्ही हातांनी चालवायच्या तलवारीपुढे आकडा आहे २५०. म्हणजे २५ पौंड, सुमारे ११.३ किलो.

पाण्याने भरलेली बादली एका टोकाला धरून गरागरा फिरवण्याची कल्पना केली, तर या आकड्यातील अशक्यता ध्यानात येते. ती पुढे खेळ लिहिणाऱ्यांच्याही ध्यानात आली असावी. १९८९ च्या आवृत्तीत हीच तलवार १५ पौंडांची झाली, २००३ मध्ये ८ पौंडांची आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ६ पौंडांची. ३६ वर्षांत तलवारीचे वजन चतुर्थांशाहूनही खाली आले. ६ पौंड म्हणजे सुमारे पावणेतीन किलो, आणि हा शेवटचा आकडा बरोबर आहे. युरोपातील संग्रहालयांत सोळाव्या शतकातील ज्या दोनहाती लढाऊ तलवारी आहेत, त्या साधारणतः दोन ते साडेतीन किलोंच्या दरम्यान भरतात.

जड तलवारीची समजूत

एका हाताने चालवायची मध्ययुगीन तलवार एक ते सव्वा किलोच्या आसपास असे. पाण्याची लिटरची भरलेली बाटली तेवढीच. दोन्ही हातांची पकड बसेल एवढी लांब मूठ असलेली तलवार सव्वा ते पावणेदोन किलोंची. पाते रुंद दिसले तरी ते जाड नसे. मुठीपाशी काही मिलिमीटर जाडी असलेले पाते टोकाकडे निमुळते आणि पातळ होत जाई. मुठीच्या शेवटी असलेला गोळा पात्याला तोल देई. पात्याच्या मधोमध कोरलेली खोलगट पन्हळ रक्त वाहून जावे म्हणून असते, असे अजूनही सांगितले जाते. ती खरे तर वजन कमी करण्यासाठी असे. शस्त्र जितके जड तितके घातक, हा हिशेब हातोड्याला काही अंशी लागू पडतो. तलवारीला नाही. जी तलवार चुकलेल्या वारानंतर लगेच परत फिरवता येत नाही, ती धरणाऱ्याचाच घात करते.

मग ही समजूत आली कोठून? तिला काही आधार होता. राजाच्या वा नगराध्यक्षाच्या मिरवणुकीत पुढे उभी धरून नेण्यासाठी अतिशय लांब आणि वजनदार तलवारी केल्या जात. त्या युद्धासाठी नव्हत्या. पण दिमाखदार असल्याने जपल्या गेल्या आणि पुढे संग्रहालयांत दर्शनी जागी लागल्या. एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांच्या दिवाणखान्यांसाठी तयार झालेल्या शोभेच्या नकलांनी त्यात भर घातली. काचेपलीकडची वस्तू हातात घेता येत नसल्याने तिचे वजन पाहणाऱ्याची कल्पनाच ठरवते.

नावांचा घोळ याहून मोठा आहे. खेळात 'लाँगसोर्ड' ही एका हाताची, सर्वसाधारण तलवार. पंधराव्या शतकातील जर्मन शस्त्रगुरू ज्या तलवारीला 'लांब' म्हणत, ती दोन्ही हातांची. 'ब्रॉडसोर्ड' हे नाव तर मध्ययुगाचे नाहीच. पुढच्या काळात सडपातळ, भोसकण्याच्या तलवारी नागरी पोशाखाचा भाग बनल्या, तेव्हा त्यांहून रुंद पात्याच्या सैनिकी तलवारी वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून ते रूढ झाले. मध्ययुगातला माणूस बहुधा नुसते 'तलवार' म्हणून मोकळा होत असे. अभ्यासकांना मात्र वर्गवारी लागते. ती इवर्ट ओकशॉट (१९१६–२००२) या इंग्रज अभ्यासकाने केली. व्यवसायाने ते चित्रकार. हाताळलेल्या आणि रेखाटलेल्या तलवारींवरून त्यांनी पात्याचा आकार, पन्हळीची लांबी, मुठीची लांबी यांचा मेळ घालून मध्ययुगीन तलवारींचे दहा ते बावीस असे तेरा प्रकार ठरवले. दहापासून प्रारंभ, कारण त्याआधीचे क्रमांक व्हायकिंग काळातील तलवारींच्या जुन्या वर्गवारीत खर्ची पडले होते. या वर्गवारीत एक गोष्ट स्पष्ट दिसते. चौदाव्या शतकाकडे येता येता छाटणारे रुंद, पातळ पाते मागे पडते आणि अणकुचीदार, ताठ, मधोमध कणा असलेले पाते पुढे येते. हा बदल तलवारीच्या हौसेपोटी झाला नाही. समोरच्याच्या अंगावरचे कवच बदलले होते.

कड्यांचे चिलखत आणि एका पंडिताची चूक

मराठीत 'चिलखत' म्हटले की लोखंडी कड्यांत कड्या गुंतवून विणलेला अंगरखा डोळ्यांसमोर येतो. युरोपातही इसवी सनापूर्वीच्या शतकांपासून चौदाव्या शतकापर्यंत हेच प्रमुख कवच होते. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईचे चित्रण करणाऱ्या 'बायो' येथील भरतकामात दोन्ही बाजूंचे लढवय्ये तेच घालून दिसतात. प्रत्येक कडीची टोके चपटी करून, भोक पाडून, बारीक रिव्हेट ठोकून ती बंद केली जाई. चारही बाजूंच्या चार कड्या तिच्यात गुंतत. असा गुडघ्यापर्यंतचा अंगरखा दहा ते पंधरा किलोंचा होई. तो दुमडता येतो, गुंडाळता येतो, कपड्यांखाली लपवताही येतो. १६५९ मध्ये अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत चढवले होते, ही कथा मराठी वाचकाला परिचितच आहे. कापणारा वार ते अडवते. मात्र अणकुचीदार टोक कडीत शिरून ती फोडू शकते, आणि दांडक्याचा मार कड्यांतून थेट हाडापर्यंत पोहोचतो. म्हणून आत कापसाचा वा चिंध्यांचा भरीव, टाके घालून शिवलेला जाड डगला लागे. गरिबाचे तेवढेच एक कवच असे. चित्रपटांना हा डगला आवडत नाही. तो दिसायला गादीसारखा आहे.

इंग्रजीत या कड्यांच्या कवचाला नुसते 'मेल' म्हणत. शब्दाचे मूळ जाळीच्या डोळ्यात आहे. त्यामागे 'चेन' हे विशेषण पुढच्या शतकांत चिकटले. 'मेल' म्हणजे सरसकट चिलखत, असा अर्थ एकदा रूढ झाल्यावर 'चेन मेल', 'प्लेट मेल' अशी कुटुंबेच तयार होऊ लागली. या वाढीचे श्रेय पुष्कळसे सर सॅम्युएल रश मेरिक (१७८३–१८४८) यांच्याकडे जाते. १८२४ मध्ये त्यांचा प्राचीन कवचांवरील तीन खंडांचा ग्रंथ आला. इंग्लंडात या विषयाचा शिस्तशीर अभ्यास त्यांच्यापासून सुरू झाला, हे मान्यच करावे लागते. परंतु जुनी चित्रे, मोहरा, थडग्यांवरील कोरीवकाम पाहताना त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली : चित्रात कवच वेगळे दिसते म्हणजे ते वस्तुतःही वेगळे होते. हजारो कड्या कोरणे वा रंगवणे कोणत्याही कारागिराला परवडत नाही. कोणी अर्धवर्तुळे काढी, कोणी जाळी, कोणी आडव्या पट्ट्या. कवच एकच, ते दाखवण्याच्या रीती अनेक. मेरिक यांनी त्या प्रत्येक रीतीला एकेका कवचाचे नाव दिले.

पुढच्या अभ्यासकांनी ही यादी मोडीत काढली. पण तोवर ती लोकप्रिय पुस्तकांत, तेथून कादंबऱ्यांत आणि शेवटी १९७८ च्या त्या नियमपुस्तकात पोहोचली होती. त्यातील कवचांच्या यादीत 'रिंग मेल' आहे, 'बँडेड मेल' आहे, 'प्लेट मेल' आहे. आणि 'स्टडेड लेदर', म्हणजे खिळे मारलेले चामडे, हेही आहे. चामड्यावर ठिकठिकाणी ठोकलेले खिळे तलवारीचा वार कसा अडवणार, हा प्रश्न तक्ता वाचताना फारसा कोणाला पडत नाही.

याचे उत्तर स्वीडनच्या गॉटलंड बेटावर जमिनीखाली होते. जुलै १३६१ मध्ये डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार याच्या सैन्याने विस्बी शहराच्या तटाबाहेर तेथील शेतकऱ्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. मृतांना सामूहिक खड्ड्यांत पुरण्यात आले आणि त्यांतील अनेकांची कवचे अंगावरच राहिली. लुटीच्या काळात लोखंड असे सोडून दिले जात नाही. उन्हाळ्याच्या उष्म्यात प्रेते झपाट्याने सडल्यामुळे ती उतरवणे शक्य झाले नसावे, असा तर्क केला जातो. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत या खड्ड्यांचे उत्खनन झाले, सुमारे १,१८५ माणसांचे अवशेष मिळाले आणि बेंग्ट थॉर्डेमन यांनी १९३९-४० मध्ये त्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पंचवीसच्या आसपास कवचे ओळखता आली. त्यांतील बहुतेकांची रचना अशी की बाहेरून कापड किंवा चामडे, आणि त्याच्या आतल्या बाजूस रिव्हेट ठोकून बसवलेले लोखंडी पत्रे. कापड कुजले, पत्रे राहिले. जिवंत माणसाच्या अंगावर मात्र पत्रे मुळीच दिसत नसत. दिसत ती फक्त रिव्हेटांची डोकी. दगडात कोरलेला सरदार पाहणाऱ्या नंतरच्या पिढ्यांनी खिळे पाहिले आणि पत्रे पाहिलेच नाहीत. 'स्टडेड लेदर' जन्मले ते असे. तलवारीचे वजन खेळाने दुरुस्त केले, पण हे कवच २०१४ च्या आवृत्तीतही टिकून आहे. त्याच आवृत्तीत कड्यांचे चिलखत ५५ पौंडांचे, म्हणजे जवळपास २५ किलोंचे आहे. प्रत्यक्षातल्या संपूर्ण पोलादी कवचाएवढे.

विस्बीच्या सांगाड्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. जखमांच्या खुणा मोठ्या संख्येने पायांवर, विशेषतः गुडघ्याखाली आहेत. धड झाकलेले होते, पाय उघडे होते, आणि मारणाऱ्याला ते ठाऊक होते.

अंगभर पोलाद

डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत सांध्यासांध्यावर जोडलेले पोलादी पत्र्यांचे कवच पंधराव्या शतकात पूर्णत्वास आले. मिलान, ऑग्सबुर्ग, न्यूरेंबर्ग ही त्याची मोठी केंद्रे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या तज्ज्ञांच्या मते युद्धातील असे संपूर्ण कवच साधारण २० ते २५ किलोंचे असे. हे ओझे एका खांद्यावर न येता अंगभर वाटले जाई. घोड्यावरून भाल्याने टक्कर देण्याच्या क्रीडास्पर्धांसाठीची कवचे यापेक्षा पुष्कळ जड असत. त्यांत चालावे लागतच नसे. सरदाराला घोड्यावर चढवण्यासाठी उंच यारीने उचलावे लागे, हे दृश्य १९४४ च्या 'हेन्री द फिफ्थ' चित्रपटाने जगभर पोहोचवले. इतिहासात त्याला आधार नाही. फ्रान्सचा सेनानी बूसिको (१३६६–१४२१) याच्या चरित्रात तो कवच घालून कोलांट्या मारी आणि शिडीच्या खालच्या बाजूने हातांवर लटकत वर चढे, असे वर्णन आहे. चरित्र गौरवपर आहे, हे लक्षात घेतले तरी सरावलेल्या माणसाला यातले बरेच साध्य होते, हे आजच्या प्रात्यक्षिकांनी दाखवले आहे.

अर्थात कवच फुकट मिळत नाही. २०११ मध्ये लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी कवचांच्या प्रतिकृती घातलेल्या सरावातल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवले आणि पळवले. चालताना लागणारी ऊर्जा दुपटीहून अधिक झाली. पायांवर बांधलेले लोखंड प्रत्येक पावलाला उचलावे लागते, आणि छातीवरच्या पत्र्यामुळे खोल श्वास घेता येत नाही. १४१५ मध्ये अझँकूरच्या चिखलातून चालत गेलेले फ्रेंच सरदार इंग्रजांपर्यंत पोहोचेतो का दमले, याचे एक उत्तर येथे मिळते. त्याच लढाईत बूसिको कैद झाला.

अशा कवचावर तलवारीचा छाटणारा वार निरुपयोगी होता. पोलाद कापले जात नाही. म्हणून लढण्याची पद्धतच पालटली. इटलीचा शस्त्रगुरू फिओरे देई लिबेरी याची १४१० च्या सुमाराची सचित्र हस्तलिखिते पाहिली, की लढवय्ये डाव्या हाताने स्वतःच्याच तलवारीचे पाते मध्यावर धरून तिचा आखूड भाल्यासारखा वापर करताना दिसतात. टोक काखेत, मांडीच्या सांध्यात, शिरस्त्राणाच्या फटीत खुपसण्यासाठी. जर्मन परंपरेत तलवार उलटी धरून मुठीच्या गोळ्याने वा आडव्या दांडीने हातोड्यासारखा घाव घालण्याचा डाव आहे. अनेकदा शेवट कुस्तीत आणि कट्यारीत होई. ज्याला परवडे तो लांब दांड्याची, कुऱ्हाड-हातोडा-भाला एकत्र असलेली शस्त्रेच हाती घेई.

एका अंकाची सोय

हे सर्व खेळात का उतरले नाही? येथे खेळाच्या कर्त्यांवर अज्ञानाचा शिक्का मारणे अन्यायाचे होईल. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये 'चेनमेल' या नावाचा, छोट्या पुतळ्यांनी खेळायचा मध्ययुगीन युद्धाचा खेळ प्रसिद्ध केला होता. त्यातील द्वंद्वाच्या तक्त्यात प्रत्येक शस्त्राचा प्रत्येक कवचाविरुद्ध वेगळा आकडा होता. कट्यार कशाविरुद्ध चालते, गदा कशाविरुद्ध, याचा तो हिशेब. त्यातले आकडे सगळेच बरोबर होते असे नव्हे. प्रश्न मात्र बरोबर होता.

१९७४ च्या खेळात त्याची जागा मुख्यत्वे 'आर्मर क्लास' या एका अंकाने घेतली. कवच नसलेला माणूस ९, पोलादी कवच आणि ढाल असलेला २. अंक जितका लहान तितके त्याला लागणे कठीण. ही कल्पना अर्नेसन यांनी लोखंडी जहाजांच्या आरमारी लढाईच्या खेळातून घेतली होती. जहाजाला ती शोभते. माणसाच्या बाबतीत मात्र पाय उघडे आहेत की झाकलेले, समोर तलवार आहे की हातोडा, हे सारे त्या एका अंकात विरघळून जाते. १९७८ च्या नियमपुस्तकात गायगॅक्स यांनी शस्त्राप्रमाणे आकडा बदलणारा तक्ता पुन्हा घातला. बहुसंख्य टेबलांवर तो बाजूला ठेवला गेला. मित्रांसोबत रात्र रंगवायला बसलेल्यांना प्रत्येक वारामागे तक्ता पाहायचा नव्हता. तिसऱ्या आवृत्तीने २००० मध्ये अंकांची दिशा उलटी केली, मोठा अंक चांगला ठरवला. जुन्या तक्त्याला तीत स्थान नव्हते.

जो हिशेब माणसांना कंटाळवाणा वाटला, तो संगणक न कुरकुरता करतो. प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओजचा २०१८ मधील 'किंगडम कम : डिलिव्हरन्स' हा खेळ १४०३ सालच्या बोहेमियात घडतो. त्यात नायकाला आधी भरीव डगला, त्यावर कड्यांचे चिलखत, त्यावर पत्रे असे थर चढवावे लागतात. कापणे, भोसकणे आणि ठोकणे यांचे परिणाम वेगळे आहेत. शिरस्त्राणाचा मुखपट खाली घेतला की दृष्टी अरुंद होते. २०१९ च्या एका खेळाने तर उलट्या तलवारीच्या त्या जर्मन डावाचेच, 'मोर्डहाउ', नाव घेतले. दुसरीकडे जपानी खेळांतले नायक दारापेक्षा रुंद तलवारी पाठीवर लीलया वागवतात. त्यांना वास्तवाचा दावाच करायचा नसल्याने त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. दिशाभूल होते ती पौंडांचा नेमका आकडा छापणाऱ्या तक्त्याने.

फिरंग

युरोपीय पात्यांची कथा मध्ययुगाबरोबर संपत नाही, आणि तिचा पुढचा भाग या किनाऱ्याशी जोडलेला आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यानंतर, आणि पुढे इतर युरोपीय व्यापारी आल्यावर, पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांतून युरोपीय पाती दख्खनमध्ये येत राहिली. पुष्कळदा पाते तेवढेच येई. मूठ येथे चढे. लांब, सरळ, लवचिक परदेशी पाते आणि हात झाकणारी, वर खुंटीसारखा दांडा असलेली दख्खनी मूठ, अशा तलवारीला मराठीत 'फिरंग' नाव पडले. ज्यांच्याकडून पाते आले त्या फिरंग्यांवरूनच ते आले. परदेशी पात्यांची प्रतिष्ठा इतकी होती, की युरोपीय कारखान्यांची चिन्हे भारतीय कारागीर स्वतःच्या पात्यांवरही उठवत.

नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार २०२५ मध्ये लंडनमधील लिलावातून महाराष्ट्र शासनाने मिळवली आणि त्याच वर्षी ती मुंबईत आली. ती याच जातीची. पाते युरोपीय, सरळ आणि एकधारी. मुठीवर सोन्याचे नक्षीकाम. पात्याच्या पाठीवर रघुजींचे नाव आणि सेनासाहेबसुभा हा त्यांचा किताब देवनागरीत. त्या लेखात 'फिरंग' हा शब्दही आहे. ओकशॉट यांच्या तेरा प्रकारांत ती बसत नाही, कारण ते मध्ययुगापाशी थांबतात. आणि १९७८ च्या नियमपुस्तकाच्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना नाही.